अभिजात व्हिडिओ गेम्सविषयीचे स्मरणरंजन : स्मृती, वस्तू आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मूळचा साहित्यातला नव्हे, तर वैद्यकशास्त्रातला आहे. इ.स. १६८८ मध्ये बाझेल येथे योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तो प्रथम वापरला. मायदेशापासून दूर राहणाऱ्या स्विस तरुणांना लागणारी घराची ओढ ही त्याच्या मते एक व्याधी होती. पुढे हा शब्द वैद्यकाकडून मानसशास्त्राकडे आणि तेथून समाजशास्त्राकडे आला. स्थळाविषयीच्या ओढीची जागा हळूहळू काळाविषयीच्या ओढीने घेतली. मराठीत त्यासाठी 'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता' असे दोन शब्द रूढ आहेत आणि त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. पहिल्यात आनंद आहे, दुसऱ्यात हुरहुर. व्हिडिओ गेम्सच्या संदर्भात या दोन्ही छटा एकत्र आढळतात.

इ.स. १९७८ ते १९९५ या काळातील खेळ आजच्या खेळांपेक्षा सरस होते, असे विधान आज चाळिशीत असलेल्या पिढीकडून वारंवार केले जाते. हे विधान केवळ आवडीनिवडीचे मानून सोडून देता येत नाही. त्यामागे खेळाचे तांत्रिक स्वरूप, खेळ ही विकत घेतलेली वस्तू असणे आणि ती वस्तू पुन्हा हाती घेता येणे असे तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. रशियात जन्मलेल्या अभ्यासक स्वेतलाना बॉयम यांनी इ.स. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले आहेत. एक गतकाळ जसाच्या तसा पुन्हा उभा करू पाहणारा, तर दुसरा तो परत येणार नाही हे जाणून त्याविषयी चिंतन करणारा. व्हिडिओ गेम्सच्या बाबतीत पहिला प्रकार अपवादाने का होईना, पण शक्य होतो. तीस वर्षांपूर्वीचा खेळ आज सुरू केला तर तो तसाच सुरू होतो. जुन्या खेळांविषयीची ओढ टिकून राहण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे आणि आजच्या बहुसंख्य खेळांबाबत ही शक्यताच संपुष्टात येत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मर्यादेतून घडलेले रूप

जुन्या खेळांचे जे गुण म्हणून सांगितले जातात, ते बहुतांशी यंत्राच्या मर्यादांतून निर्माण झालेले आहेत. जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी इ.स. १९७८ मध्ये तयार केलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ याचे उत्तम उदाहरण होय. पडद्यावर एकूण ५५ शत्रू असतात आणि जसजसे ते मारले जातात तसतशी उरलेल्यांची गती वाढत जाते. हा वाढता ताण खेळाचा प्राण मानला जातो. प्रत्यक्षात संगणकाला एवढ्या आकृत्या एकाच वेळी वेगाने हलविणे जमत नव्हते. आकृत्या कमी झाल्या की त्याचे काम हलके होई आणि गती आपोआप वाढे. निशिकादो यांनी ही गोष्ट दुरुस्त न करता तशीच ठेवली, यात त्यांची कल्पकता दिसते.

निन्टेन्डो कंपनीचे 'फॅमिकॉम' हे घरगुती यंत्र जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये विक्रीस आले. त्याची कार्यकारी स्मृती अवघी २ केबी होती. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' (इ.स. १९८५) हा संपूर्ण खेळ ४० केबीमध्ये सामावलेला होता. आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांची आकृती एकच असून केवळ रंग बदललेला आहे, हे अनेक खेळाडूंच्या लक्षात वर्षानुवर्षे आले नाही. इ.स. २०१८ मधील 'रेड डेड रिडेम्प्शन २' सारखा खेळ १०० जीबीहून अधिक जागा व्यापतो. म्हणजे मारिओच्या सुमारे २५ लाख पट. अर्थात या आकड्याने गुणवत्तेविषयी काहीच सिद्ध होत नाही. मात्र जुन्या खेळात प्रत्येक आकृतीची, प्रत्येक सुराची निवड करावी लागत होती, एवढे त्यावरून म्हणता येते.

काठिण्याची गोष्टही अशीच आहे. आर्केड यंत्रात नाणे टाकून खेळ सुरू होत असल्याने खेळाडू लवकर हरणे हा मालकाच्या उत्पन्नाचा भाग होता. घरगुती यंत्रांवर नाणे गेले, पण काठिण्य राहिले. थोडासा मजकूर अनेक दिवस पुरविण्याचा तो एक मार्ग होता. खेळाला शेवट असावा असेही प्रत्येक वेळी ठरलेले नसे. नाम्कोच्या तोरू इवातानी यांच्या 'पॅकमॅन'मध्ये (इ.स. १९८०) २५६ व्या टप्प्यावर टप्पे मोजणारी एका बाइटची जागा अपुरी पडते आणि अर्धा पडदा निरर्थक चिन्हांनी भरून जातो. हा दोष आज दंतकथेचा विषय झाला आहे. 'टेट्रिस'च्या निन्टेन्डो आवृत्तीतही खेळ कोठे कोलमडतो, तेथपर्यंत पोहोचणारा पहिला मनुष्य डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत निघाला. त्याचे वय १३ वर्षे होते. खेळ त्याच्या जन्माच्या दोन दशके आधीचा. जुन्या खेळांविषयीची ओढ म्हणजे निव्वळ बालपणाची आठवण, हे सर्वसाधारण स्पष्टीकरण येथे अपुरे पडते.

निवडक स्मृती

असे असले तरी स्मरणरंजन इतिहासाचा विश्वासार्ह साक्षीदार नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. ते चांगले तेवढे जपते आणि टाकाऊ ते विसरते. 'अभिजात' मानल्या जाणाऱ्या काळाच्या मध्यभागीच उत्तर अमेरिकेतील व्हिडिओ गेम उद्योग कोसळला होता. इ.स. १९८३ मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलरच्या घरात गेलेली उलाढाल दोन वर्षांत १० कोटी डॉलरच्या आसपास आली, असे सामान्यतः सांगितले जाते. घाईने बनविलेल्या सुमार खेळांनी बाजार भरून गेला होता, हे त्यामागील एक प्रमुख कारण. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना 'ई.टी.' हा खेळ इ.स. १९८२ मध्ये सुमारे पाच आठवड्यांत पूर्ण करावा लागला होता. न खपलेला माल अटारी कंपनीने न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरला. ही गोष्ट पुष्कळ वर्षे आख्यायिका समजली जात असे. एप्रिल २०१४ मध्ये तेथे उत्खनन होऊन सुमारे १३०० कार्ट्रिज बाहेर काढण्यात आली आणि त्यांपैकी 'ई.टी.'चे एक स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेले. तीस वर्षांपूर्वीचा कचरा पुरातत्त्वाची वस्तू बनल्याचे हे उदाहरण आधुनिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावे असे आहे.

दुसरी गोष्ट खेळणाऱ्यांविषयीची. आर्केड हे प्रामुख्याने मुलग्यांचे व पुरुषांचे स्थान होते. मुलींनी तेथे यावे या हेतूने आपण 'पॅकमॅन'ची कल्पना केली, असे इवातानी यांनी सांगितले आहे, यातच त्या काळाची स्थिती स्पष्ट होते. अंध, कर्णबधिर किंवा हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्तीसाठी त्या खेळांत काहीही सोय नव्हती. इ.स. २०२० मधील 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' मध्ये अशा ६० हून अधिक सोयी आहेत. 'पूर्वीचे खेळ सर्वांचे होते' हे म्हणणे त्यामुळे स्वीकारता येत नाही.

महाराष्ट्रातील स्मृती : साठ पिनांची कॅसेट

महाराष्ट्रातील शहरे व तालुक्याची गावे येथे १९९० च्या दशकात वाढलेल्या पिढीच्या मनात या खेळांची जी स्मृती आहे, ती अमेरिकन स्मृतीची छोटी प्रत नाही. ती वेगळ्या वस्तूंची स्मृती आहे. येथील घरांत टीव्हीला जोडली गेलेली बहुतेक यंत्रे निन्टेन्डोची नव्हती. तैवान, हाँगकाँग व चीन येथे तयार झालेल्या, फॅमिकॉमची नक्कल असलेल्या विनापरवाना यंत्रांचा तो बाजार होता. कार्ट्रिजला येथे सर्रास 'कॅसेट' म्हटले जाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅसेटची देवाणघेवाण होई आणि काही ठिकाणी यंत्रच दिवसाच्या भाड्याने मिळे. लेबलवर 'इतके लाख इन वन' असा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात मोजके खेळ असत. तोच मारिओ एकदा पहिल्या टप्प्यापासून, एकदा चौथ्यापासून, असे यादीत पुनःपुन्हा येत.

या नकली यंत्रांचा एक तांत्रिक तपशील स्मृतीच्या इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. जपानी फॅमिकॉमच्या कार्ट्रिजला ६० पिना होत्या, तर अमेरिकेत इ.स. १९८५ पासून विकल्या गेलेल्या त्याच यंत्राच्या आवृत्तीला ७२. भारतात पोहोचलेल्या नकला जपानी घडणीच्या होत्या. परिणामी जपानमध्ये प्रकाशित झालेले आणि त्या काळी अमेरिकन यंत्रावर न आलेले खेळ येथील मुलांना घरबसल्या मिळाले. नाम्कोचा 'बॅटल सिटी' (इ.स. १९८५), ज्याला येथे 'टँकचा गेम' म्हणत, तो त्यांपैकी एक. कोनामीचा मोटारींचा 'रोड फायटर' दुसरा. रिंगमधून उडी मारणाऱ्या सिंहाचा 'सर्कस चार्ली' तिसरा. पुण्यातील वा सोलापुरातील चाळिशीच्या व्यक्तीला हे खेळ तत्काळ आठवतात. तिच्या वयाच्या अमेरिकन खेळाडूच्या बालस्मृतीत मात्र ते सहसा नसतात. उलट सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर रशियात 'डेंडी' या नावाने इ.स. १९९२ पासून विकली गेलेली यंत्रेही फॅमिकॉमचीच नक्कल होती, त्यामुळे तेथील पिढीला 'बॅटल सिटी' चांगलाच परिचित आहे. स्मृतीची ही भूगोलरेषा कंपन्यांच्या अधिकृत इतिहासात आढळत नाही.

कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारण्याची सवय मात्र जगभर सारखीच होती. फुंकरीने फारसे काही होत नसे. बाहेर काढून पुन्हा बसविल्याने पिनांचा संपर्क जुळे. फुंकरीतील ओलाव्याने पिना गंजण्याचाच संभव अधिक होता.

याच यंत्रांबरोबर मिळणारी प्लॅस्टिकची बंदूक आणि 'डक हंट' (इ.स. १९८४) यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदक तो पांढरा प्रकाश टिपत असे. हे गणित पूर्णतः जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या तत्क्षणी चित्र उमटविण्यावर बेतलेले होते. आजच्या एलसीडी पडद्यावर चित्र किंचित उशिरा येते आणि मूळ बंदूक निकामी ठरते. यंत्र, कॅसेट आणि बंदूक जपून ठेवली तरी भंगारात गेलेल्या टीव्हीशिवाय हा खेळ मूळ रूपात परत येत नाही. खेळ ही एकच वस्तू नसून अनेक वस्तूंची साखळी असते, याकडे संग्राहकांचेही पुष्कळदा दुर्लक्ष होते.

पुनःप्रकाशन म्हणजे जतन नव्हे

स्मरणरंजनाला बाजारपेठ आहे, हे उद्योगाने फार लवकर ओळखले. निन्टेन्डोने नोव्हेंबर २०१६ मध्ये ३० खेळ अंतर्भूत असलेली आपल्या जुन्या यंत्राची छोटी प्रतिकृती बाजारात आणली. मागणी असूनही एप्रिल २०१७ मध्ये तिचे उत्पादन थांबविले आणि जून २०१८ मध्ये पुन्हा सुरू केले. तीस खेळांच्या या यादीत 'मारिओ' आहे, परंतु 'डक हंट' नाही. 'कॉन्ट्रा'चा उत्तरभाग आहे, मूळ 'कॉन्ट्रा' नाही. कोणता खेळ अभिजात ठरावा याचा निर्णय अशा रीतीने हक्कधारक कंपनीच्या सोयीने होतो.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार इ.स. २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत. त्याच वर्षी २७ मार्च रोजी निन्टेन्डोने आपल्या दोन यंत्रांची ऑनलाइन दुकाने खरेदीसाठी बंद केली आणि केवळ तेथेच मिळणारे अनेक खेळ नव्या ग्राहकाच्या हातून गेले. उरलेल्या ८७ टक्क्यांपैकी जे आज खेळता येते, ते मुख्यतः हौशी मंडळींच्या कामामुळे. इटलीचे निकोला साल्मोरिया यांनी इ.स. १९९७ मध्ये सुरू केलेला 'मेम' हा आर्केड यंत्रांची नक्कल करणारा संगणकीय प्रकल्प त्यात अग्रगण्य आहे. कायद्याच्या दृष्टीने या कामाचा बराच भाग धूसर क्षेत्रात मोडतो. ग्रंथालयांनी आपल्या संग्रहातील जुने खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून द्यावेत, यासाठी मागितलेली सवलत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. इतिहासाच्या साधनांचे रक्षण नियमभंग करणाऱ्यांनी करावे आणि नियम पाळणाऱ्या ग्रंथालयांनी हात बांधून बसावे, ही स्थिती विचित्र म्हटली पाहिजे. महाराष्ट्रातील 'कॅसेट'ची गोष्टही यापासून फार दूर नाही. विनापरवाना नकला नसत्या तर येथे आठवायला फारसे काही उरलेच नसते.

सर्व्हरवरील खेळ आणि परतीचा मार्ग

आधुनिक खेळांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. आज खेळाचा मोठा भाग कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि ग्राहकाकडे असतो तो केवळ वापराचा परवाना. यूबीसॉफ्ट कंपनीचा मोटार शर्यतींचा 'द क्रू' हा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये विक्रीस आला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला हा खेळ एकट्याने खेळणेही अशक्य झाले. या घटनेतून सुरू झालेल्या मोहिमेच्या युरोपीय नागरिक-निवेदनाने जुलै २०२५ मध्ये १० लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने, केवळ परवाना दिला जात असल्यास तसे स्पष्ट न सांगता 'खरेदी' हा शब्द वापरण्यास विक्रेत्यांना मनाई केली आहे. शब्दाच्या अर्थासाठी कायदा करावा लागावा, इतका तो अर्थ पातळ झाला होता. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' तर २३ ऑगस्ट २०२४ रोजी प्रकाशित होऊन ६ सप्टेंबरला बंद झाला. खेळाडूंचे पैसे परत मिळाले, परंतु खेळ उरला नाही.

अशा खेळांविषयीही स्मरणरंजन निर्माण होतेच. फरक एवढाच की त्याची पूर्तता आता कंपनीच्या इच्छेवर अवलंबून असते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला आणि नंतरच्या विस्तारांनी त्याचे मूळ रूप पुसून टाकले. जुने रूप हवे असणाऱ्यांनी स्वतःचे खाजगी सर्व्हर चालविले. त्यांपैकी 'नोस्टॅल्रियस' हा मोठा सर्व्हर कंपनीच्या कायदेशीर दबावामुळे एप्रिल २०१६ मध्ये बंद पडला. पुढे कंपनीनेच ऑगस्ट २०१९ मध्ये जुनी आवृत्ती अधिकृतपणे पुन्हा सुरू केली. त्यानंतर जे घडले ते उद्बोधक आहे. राग्नारोस या बलाढ्य शत्रूला प्रथम पराभूत करण्यास मूळ खेळात एप्रिल २००५ उजाडला होता. पुन्हा सुरू झालेल्या खेळात ते काम एका आठवड्याच्या आत उरकले. खेळ बहुतांशी तोच होता, परंतु पंधरा वर्षांत खेळाडूंनी त्यातील प्रत्येक कोपऱ्याचा अभ्यास केलेला होता. न जाणण्यातील कुतूहल कोणत्याही सर्व्हरवर साठविलेले नव्हते. बॉयम यांच्या विवेचनातील पुनर्स्थापनेची मर्यादा येथे प्रत्यक्ष दिसते.

'फोर्टनाइट'ने हीच भावना हंगामी वस्तू म्हणून विकली. ऑक्टोबर २०१९ मध्ये काढून टाकलेला जुना नकाशा नोव्हेंबर २०२३ मध्ये महिनाभरासाठी परत आणला गेला, तेव्हा एका दिवसात ४ कोटींहून अधिक खेळाडू आल्याचे कंपनीने जाहीर केले. अवघ्या पाच वर्षांपूर्वीच्या नकाशाविषयी ही ओढ होती. भारतात 'पब्जी मोबाइल'वर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने इतर ११७ अॅप्ससह बंदी घातली आणि जुलै २०२१ मध्ये तो वेगळ्या नावाने परत आला. टाळेबंदीच्या काळात मित्रांचा कट्टा या खेळात भरविणारी मराठी तरुणांची पिढी आज पंचविशीत आहे. तिला त्या काळातील खेळ चाळिशीत पुन्हा उघडून पाहावासा वाटला, तर उघडण्यासाठी तिच्या माळ्यावर कोणतीही कॅसेट नसेल.

हा प्रश्न केवळ खाजगी आठवणींचा नसून सार्वजनिक संग्रहाचाही आहे. फ्रान्समध्ये इ.स. १९९२ च्या कायद्यान्वये प्रकाशित व्हिडिओ गेमची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी लागते. भारतात इ.स. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत ३० दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील प्रत्येकी एका ग्रंथालयाकडे पाठवावयाची असते. इ.स. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांचा समावेश झाला. या कायद्यातील पुस्तकाच्या व्याख्येत संगीतलिपीचा कागद आहे, नकाशा आहे, आराखडा आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला आणि भारतीय पुराकथांवर आधारलेला 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ इ.स. २०२० मध्ये जगभर प्रकाशित झाला. त्याविषयी कोणी पुस्तक लिहिले, तर त्या पुस्तकाची प्रत या चारही ग्रंथालयांत जमा होईल. खेळाची प्रत मात्र कोठे जमा करावी, याची तरतूद या कायद्यात नाही.